डोंगऱ्या हत्ती आणि हैबती माहूत

एकदा काय झालं, एका राज्यात मोठी लढाई झाली. त्या लढाईत होता एक हत्ती. डोंगऱ्या त्याचं नाव. आणि डोंगऱ्याच्या मानेवर बसायचा हैबती माहूत. दोघांनी मिळून शत्रूच्या किल्ल्याचा दरवाजा फोडला, बरं का! पण त्या धुमश्चक्रीत हैबतीचा उजवा पाय गेला.

लढाई जिंकली. राजाने हैबतीला भरजरी शेला दिला. म्हणाला, "शाब्बास! आता घरी जा, आराम कर." डोंगऱ्याला मात्र हत्तीखान्यात ठेवलं. त्याला रोज अंघोळ, रोज ऊस, अंगाला तेल चोळायला माणसं.

आणि हैबती? तो डोंगरापलीकडे आपल्या गावी गेला. शेला पेटीत ठेवला. शेला काय खाता येतो? एका पायावर नांगर धरता येईना. आभाळ गडगडलं की त्याला लढाईचे नगारे ऐकू यायचे. मग एवढा मोठा माणूस, धान्याच्या कणगीमागे जाऊन बसायचा.

बायको चिमा म्हणायची, "अहो, राजाला सांगा ना जाऊन."

"कुठल्या तोंडानं सांगू? लढाईत नाही भ्यालो, आणि आता ढगाला भितो?"

मग त्याने अंगणात येणंच सोडलं.

इकडे डोंगऱ्याने खाणं सोडलं. प्रधानाने ऊस आणला, त्याने सोंड फिरवली. मग वैद्याने औषध आणलं, ते त्याने सांडून टाकलं. मग राजा स्वतः गुळाची ढेप घेऊन आला. तेव्हा काय झालं सांगू? हत्ती चक्क बोलला!

"महाराज, माझा हैबती आज काय जेवला?"

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने सेनापतीकडे पाहिलं. सेनापतीने जमिनीकडे पाहिलं. कुणालाच ठाऊक नव्हतं!

राजा मनाने भला होता हं. त्याचा चेहरा एवढासा झाला. म्हणाला, "चल, त्यालाच विचारू." मग पुढे डोंगऱ्या आणि मागे राजा, गूळ काखेत मारून, पायी.

हैबती कणगीमागे बसला होता. जमीन हादरली. त्याला वाटलं, आला ढग! तेवढ्यात खिडकीतून सोंड आत आली आणि हळूच त्याच्या गालाला लागली. हैबतीने सोंडेला मिठी मारली आणि तो ढसाढसा रडला.

राजा आत आला. हैबती उठायला धडपडू लागला, तर राजाच त्याच्याशेजारी जमिनीवर बसला. "हैबती, चुकलं माझं. राजवाड्यावर ये. हवं ते देतो."

हैबती म्हणाला, "महाराज, राजवाडा लांब. मी येऊ कसा? पलीकडच्या वाडीत जिवाजी आहे, त्याचे डोळे गेले लढाईत. त्याच्या खालच्या गावात सोना आहे, तिचा नवरा परत आलाच नाही, पदरात लहान लेकरं. ती कशी येणार?"

राजा म्हणाला, "खरंय. तुम्ही नाही यायचं. राजवाड्यानेच तुमच्याकडे यायचं."

चिमाने भाकरी वाढली. हैबती जेवला, तेव्हा कुठे डोंगऱ्याने गुळाला सोंड लावली.

आणि राजा बोलला तसा वागला. खोऱ्याखोऱ्यात वैद्य बसवले. सुतारांनी लाकडी पाय घडवले. सोनासारख्यांच्या घरी धान्य पोचू लागलं, लेकरं शाळेत जाऊ लागली. गावोगावी एकेक पडवी बांधली. तिथे जुने शिपाई एकत्र बसत, मनातलं बोलत.

आणि हैबतीला काम मिळालं सगळ्यांत मोठं. लाकडी पाय लावून तो डोंगऱ्यावर बसे आणि गावोगाव हिंडे. कुणी दार लावून बसलेला दिसला, की बाहेरून हाक मारी, "अरे, मी हैबती! मलाही ढगाची भीती वाटते. ये, दोघं मिळून बसू."

मग दार हळूच उघडायचं.

हैबतीला नगारे पुढेही कधीकधी ऐकू आले. पण आता शेजारी कुणीतरी असायचं. असे सगळे सुखाने राहिले. झालं बाळांनो. घ्या पांघरुणं, मिटा डोळे.