तेरा अंडी आणि राखोबा महाराजांची ऊब

भाविकहो, राखोबा महाराज आंबदऱ्याला आले ते सहज, एका रात्रीच्या मुक्कामाला, आणि राहिले ते कायमचे. आंबदरा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पंचवीस-तीस उंबऱ्यांचं गाव. वरच्या अंगाला दत्ताचा मठ, मठाच्या अंगणात धुनी आणि धुनीपाशी महाराज. अंगावर एकच कफनी, तीही ठिगळांची. आणि तिथली थंडी! मार्गशीर्षात पहाटे पेंढ्यावरचं दव गोठून पांढरं व्हायचं, कोंबड्यांच्या मातीच्या परळातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. खालच्या गावचे लोक यायचे ते दात वाजवतच यायचे.

त्या गावात ठमाबाई नावाची एक विधवा होती. घरात ती आणि तिची आंधळी सासू, दोघीच. पोटापाण्याला कोंबड्या. आता कोंबड्या म्हटलं की तुमच्यातले काही नाक मुरडतील, मला ठाऊक आहे. मुरडा खुशाल! पण त्या माउलीचं कोंबड्या सांभाळणं एकदा बघायला हवं होतं. थंडीत उठल्याबरोबर आधी परळातला बर्फ फोडून कोमट पाणी ओतायची. खुराड्याला गोणपाट लावायची, पण वरून चार बोटं फट ठेवायची, कारण आत दमट कोंदलं की कोंबड्या आजारी पडतात. अंडी उजाडताच उचलायची, नाहीतर गारठ्यानं तडकायची. संध्याकाळी मक्याचा भरडा मूठभर जास्त घालायची, रात्रभर अंगात ऊब राहावी म्हणून. आणि हे सगळं करताना तोंडात दत्ताचं नाव.

पण त्या वर्षी पावसाळ्यात मानमोडीचा रोग आला आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं. उरला एक म्हातारा कोंबडा आणि एक ठिपक्यांची कोंबडी. तिला ठमाबाई ‘कवडी’ म्हणायची. कवडीनं घातलेली तेरा अंडी ठमाबाईनं एकही न विकता नाचणीच्या मडक्यात जपली. कार्तिक संपता संपता कवडी खुडूक झाली, अंडी उबवायला बसू पाहू लागली. हिवाळ्यात कुणी कोंबडी अंड्यांवर बसवत नाही. पण ठमाबाईला थांबणं परवडणारं नव्हतं. ही पिल्लं निघाली तर संसार पुन्हा उभा राहणार होता. नाही निघाली तर आंधळ्या सासूला शेजाऱ्यांच्या दारात सोडून तिला खाली मजुरीला जावं लागणार होतं.

ती महाराजांपुढे येऊन रडली. महाराज म्हणाले, “माय, मठाच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लावून ठेव तुझी टोपली. आत चूल पेटलेली असते, भिंत कोमट असते. देवाच्या चुलीचा शेक काय फक्त नैवेद्यालाच द्यायचा?”

ठमाबाईनं टोपलीत भाताचं तूस पसरलं, वर पेंढा घातला, त्यावर अंडी मांडली आणि कवडीला बसवलं. बोटांवर दिवस मोजले. पिल्लं निघायचा एकविसावा दिवस नेमका दत्तजयंतीचा येत होता. तिला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

पण मठाचे कारभारी होते नागोराव. माणूस कर्तबगार, सोवळ्याचा कडक आणि जिभेचा त्याहून कडक. येता-जाता टोपली दिसली की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चारचौघांत म्हणायचे, “काय ठमे, तुझ्या कोंबडीलाही महाराजांचा अनुग्रह घ्यायचाय वाटतं!” लोक हसायचे. ठमाबाई खाली मान घालून म्हणायची, “थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, कारभारी. बसू द्या तिला.”

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी कवडीवर बांबूचं डालगं झाकून, वर गोणपाट टाकून ठमाबाई सासूला जेवू घालायला घरी गेली. इकडे नागोरावांनी ठरवलं, सणाच्या दिवशी मठाच्या भिंतीला अंडी नकोत म्हणजे नकोत. गड्याला सांगितलं तर तो म्हणाला, “महाराजांनी ठेवायला सांगितलंय, मी हात लावणार नाही.” मग स्वतः हात न लावता, काठीच्या टोकानं ढकलत ढकलत नागोरावांनी टोपली पार मठाच्या गोठ्यामागच्या उघड्यावर नेली. डालगं उलटलं. कवडी फडफडत उडाली ती गोठ्याच्या आढ्यावर जाऊन बसली. नागोरावांना वाटलं, येईल मागाहून आपल्या अंड्यांवर. अहो, ठमाबाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं! अंधार पडला की कोंबडीला दिसत नाही. बसली तिथून ती उजाडेपर्यंत हलत नाही.

सकाळी ठमाबाई आली. पाहते तर भिंतीपाशी टोपली नाही! शोधत शोधत गोठ्यामागे गेली, तर तेराही अंड्यांवर दव गोठलेलं. अंडं गालाला लावून पाहिलं. नदीतला गोटा तरी बरा, इतकं गार! ती धावत कोमट पाण्याची परात घेऊन आली. कोंबड्या पाळणाऱ्या बायकांना ही खूण ठाऊक असते: शेवटच्या दिवसांत अंडं कोमट पाण्यात सोडलं आणि पिल्लू जिवंत असलं, तर आतल्या हालचालीनं अंडं डुलतं. ठमाबाईनं एकेक अंडं सोडलं. श्वास रोखून बघत राहिली. एकही डुललं नाही.

“मेली गं बाई माझी लेकरं!” म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून सजावट करणारी माणसं धावत आली. नागोरावही आले. म्हणाले, “अंड्यांपायी एवढा आकांत? सणाच्या दिवशी रडू नकोस, ठमे. टाक ती उकिरड्यावर.”

एवढ्यात महाराज आले. टोपली कुणी हलवली, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. परातीपाशी खाली बसले, एकेक अंडं पुसून कफनीत घेतलं, पोटाशी धरलं. ठमाबाई म्हणाली, “महाराज, आता काय उपयोग? मी पाण्यात सोडून पाहिली.” महाराज म्हणाले, “माय, तुझा एकविसावा दिवस अजून मावळलेला नाही.”

आणि महाराज तिथेच बसले! धुनीपाशी नाही, उन्हात नाही. गोठ्यामागच्या त्या सावलीत, जिथे अंडी गारठली होती तिथेच. सकाळ गेली, दुपार गेली. महाराजांनी पाणी घेतलं नाही, मांडी मोडली नाही. ठमाबाई समोर हात जोडून बसून होती.

दत्तजन्म सूर्यास्ताला. पाळणा सजला, गाव जमलं. नागोराव सोवळं नेसून गोठ्यामागे आले आणि तणतणले, “महाराज, लोक खोळंबलेत! मेलेल्या अंड्यांसाठी देवाचा जन्म चुकवणार का?”

महाराज हळूच म्हणाले, “मी जन्माच्याच कामात आहे, नागोराव. तुम्ही जा, फुलं टाका.”

नागोराव पाय आपटत परतले. सूर्य टेकला. मुठीत फुलं घेऊन सगळे गप्प उभे राहिले. त्या शांततेत गोठ्यामागून आवाज आला: चिव! मग आणखी एक. मग ठमाबाईचा रडका, आनंदाचा ओरडा, “वाजलं! अंडं वाजलं हो!”

गाव लोटलं तिकडे. महाराजांच्या कफनीत अंड्यांना चिरा पडत होत्या, इवल्या चोची बाहेर येत होत्या. एक, दोन, पाच, नऊ… तेरा! तेराच्या तेरा! ओलीचिंब पिल्लं ठमाबाईनं पदरात घेतली. दिवसभर आढ्यावरून न हललेली कवडी स्वतःहून खाली उतरली आणि क्लक् क्लक् करत पदराशी आली.

महाराज उठू लागले, पण त्यांना उठवेना. जवळ होते नागोराव. त्यांनी हात दिला आणि एकदम दचकले. महाराजांचा हात बर्फ झाला होता. ओठ काळेनिळे पडले होते. नागोरावांनी पाय चाचपले, तेही तसेच. कफनीतली टरफलं मात्र चुलीवरून उतरवल्यासारखी गरम होती. त्या तेरा जिवांत ऊब कुठून आली, ते नागोरावांना कुणी सांगावं लागलं नाही.

तो गार हात धरून ते म्हणाले, “महाराज, टोपली मी ढकलली. काठीनं. माझ्यामुळे तुमचा देह…”

“मला ठाऊक होतं,” महाराज म्हणाले. “पण नागोराव, माझं तुम्ही काय बिघडवलंत? रात्रभर गारठ्यात मी नव्हतो.”

नागोराव वळले. साऱ्या गावादेखत, नेसत्या सोवळ्यानिशी, त्या शेणामातीत त्यांनी ठमाबाईच्या पायांशी डोकं टेकलं. “ठमाबाई, चुकलो. मला माफ कर, माय.”

ती बिचारी गोंधळली. पदरात पिल्लं, मागे सरकायलाही जागा नाही. “अहो कारभारी, हे काय! उठा बरं,” ती म्हणाली. “जमीन किती गार आहे! अशा थंडीत उघड्या अंगानं पडून राहू नये. चला, आत चुलीपाशी चला.”

ते शब्द ऐकले आणि नागोराव लहान मुलासारखे रडू लागले. त्यांनी पुन्हा एकदा तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि कितीतरी वेळ ते वर उचललं नाही.