हात न लावता पाडणारा गंधर्व

कृतयुग उताराला लागले होते, धर्माचा एक पाय नुकताच लंगडू लागला होता आणि ज्या विद्येची देवांना लाज वाटावी ती विद्या पृथ्वीवर मृदंगाच्या तालावर मिरवत होती, त्या काळची ही कथा आहे. सांगताना जीभ कडू होते. पण किळस आली म्हणून वैद्य जखम झाकून ठेवत नाही, तसा मीही काही झाकणार नाही.

पयोष्णीच्या तीरावर विराजा नावाची नगरी होती. तिथला राजा पृथुघोष दानशूर, पण डोळ्यांना जे दिपवील त्याला भुलणारा. नृत्यात ताल चुकला म्हणून इंद्रसभेतून हाकललेला चित्रवेग नावाचा गंधर्व त्याच्या आश्रयाला आला आणि मल्लविद्येचा आचार्य म्हणून मिरवू लागला. राजाने त्याला चंदनाच्या स्तंभांची मल्लशाळा बांधून दिली. केशर कालवलेल्या मातीत तो सुवर्णकुंडलधारी गंधर्व अंतराळात गिरक्या घेई, चवड्यांवर अलगद उतरे आणि तळहात नुसता हवेत फिरवी, की समोरचे शिष्य वादळातल्या केळींप्रमाणे उलथून पडत. हात लागत नसे, बोट लागत नसे, आणि प्रजा 'अहाहा!' करीत असे. कसले अहाहा!

खरी गोष्ट अशी, की त्या मल्लशाळेत प्रवेश घेताना शिष्याला व्रत घ्यावे लागे: गुरूचा हात उठला की भूमीला पाठ टेकायची, तोच गुरूला नमस्कार. पहिले शिष्य नमस्कार म्हणून पडले, नंतरचे पहिल्यांचे बघून पडले, त्यानंतरचे सवयीने पडले; आणि शेवटी स्वतः चित्रवेगालाच वाटू लागले, की आपल्या तळहातातून काहीतरी निघते आणि माणसे पडतात. खोटे बोलणारा पुष्कळदा बरा. स्वतःच्या खोट्यावर विश्वास बसलेल्याला कोण सुधारणार?

याच मल्लशाळेत राजाचा एकुलता एक पुत्र सुवीर्य लहानाचा मोठा झाला. राजपुत्र म्हणून त्याला ते व्रत नव्हते; उलट त्याचाही हात उठला की इतर शिष्यच पडत. अशात खरमुष्टी नावाच्या दैत्याने नगरीचे सारे गोधन अरण्यात वळवून नेले आणि निरोप धाडला, "राजकुळातल्या कोणीही निःशस्त्र यावे, माझी पाठ मातीला लावावी आणि गाई घेऊन जावे." सुवीर्य हसला. त्याला हे काम हात फिरवण्याइतके सोपे वाटले.

राणी कुमुद्वती मात्र हसली नाही. ती रथ न घेता कर्कर मुनींच्या आश्रमात गेली. हे मुनी तपाला बसण्यापूर्वी दैत्यांशी झुंजलेले. त्या रगड्यात त्यांचे दोन्ही कान चुरगळून गेले होते आणि बोलणेही तसेच खरखरीत होते.

"मुनिवर," राणी म्हणाली, "माझे एकच लेकरू दैत्यापुढे उभे राहणार आहे. ती विद्या खरी की खोटी, एवढे पारखून सांगा. खरी असेल तर औक्षण करून धाडीन. खोटी असेल तर उंबरठ्यावर आडवी पडेन."

"चल," म्हणत मुनी उठले, आणि आश्रमातला दावणीचा मेंढाही त्यांनी बरोबर घेतला.

मल्लशाळेत चित्रवेगाने हात फिरवला, शिष्य उलथले. मुनींनी त्यांतल्या एकाला दंडाला धरून उठवले. "आता पुन्हा पडू नकोस बघू."

शिष्याने कानांवर हात ठेवले. "शांतं पापम्! गुरूंसमोर उभा राहू? एवढा कृतघ्न मी नाही, महाराज."

"असं होय! मग ज्याला गुरुभक्ती ठाऊक नाही, असा एक आणलाय मी," मुनी म्हणाले आणि त्यांनी मेंढ्याचे दावे सोडले.

गंधर्वाने गिरकी घेतली, तळहात पुढे केला. मेंढ्याने मान खाली घातली आणि त्या त्रैलोक्यवंदित आचार्याला पोटात अशी ढुशी दिली, की तो कुंडलांसकट केशरात लोळला. चित्रवेग कण्हत उठला आणि म्हणाला, "पशूला प्राणशक्ती जाणवत नाही. ही विद्या बुद्धिमंतांवरच चालते!" आणि जमलेल्या सभेने, काय सांगू, माना डोलावल्या!

मुनी सुवीर्याकडे वळले. "बाळा, तुला आजवर कोणी एकदा तरी खरेखुरे आपटले आहे का?"

"माझ्या पाठीला अजून माती लागलेली नाही," सुवीर्य ताठ मानेने म्हणाला.

"मग तुला काहीच येत नाही. माझ्याजवळ राहा. आधी पडायला शिक, मग पाडायला शिकवीन. गाई तोवर थांबतील."

"ज्याने माझ्या गुरूंवर जनावर घातले, त्याच्या दारात मी राहू?" सुवीर्य उसळून म्हणाला. "उद्याच गाई आणतो, म्हणजे तुमची वाचा बसेल!"

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला तो निघाला तेव्हा राणी खरोखरच उंबरठ्यावर आडवी पडली होती. आईला पाय लागू नये म्हणून त्याने मयूरासारखी झेप घेतली आणि तिच्यावरून अलगद पलीकडे उतरला. ती झेप सुंदर होती, हे मला कबूल केलेच पाहिजे.

अरण्यात खरमुष्टी कंदमुळे चघळत बसला होता. राजपुत्राने गिरकी घेतली, तळहात फिरवला. दैत्य बघत राहिला. राजपुत्राने पुन्हा फिरवला. आपल्या मागे कोणी उभे आहे की काय, म्हणून दैत्याने वळूनही पाहिले. मग सुवीर्याने झेप घेतली, दैत्याने त्याचा घोटा हवेतच धरला आणि त्याला खडकावर आपटले.

सेवकांनी त्याला आणून त्याच उंबरठ्यावर आईच्या मांडीवर ठेवले. त्याच्या डोळ्यांत वेदनेपेक्षा आश्चर्यच अधिक होते.

"आई, मी हात फिरवला होता," तो म्हणाला. "तो पडलाच नाही गं."

एवढेच बोलून त्याने प्राण सोडला.

आणि तो निर्लज्ज गंधर्व तिथे उभा राहून म्हणाला, "शिष्याची साधना कमी पडली!"

"थू!" कर्कर मुनी गरजले. त्यांनी कमंडलूतले जल हातात घेतले. "अरे नीचा, पोराच्या प्रेतासमोरही तुझे नाटक संपेना? सरडा हो! कुंपणावर जोर काढ, गळा फुगव, रंग बदल. आणि कोणी खरोखर समोर आला की पळ!" मग ते रडणाऱ्या शिष्यांकडे वळले. "आणि तुम्ही आता रडता? तुमच्यातला एक जरी एकदा उभा राहिला असता, तर हा वाचला असता. दैत्याने याला शेवटी मारले. तुम्ही याला रोज मारीत होता. ज्या आखाड्यात गुरूची पाठ मातीला लागत नाही, तिथे विद्या राहणार नाही!"

मग मुनी स्वतः अरण्यात गेले. ते मल्लयुद्ध बघण्यासारखे नव्हते. नुसती रेटारेटी, घाम, धापा आणि चिखल. पण दिवस कलताना दैत्याची पाठ मातीला लागली आणि गाई हंबरत घरी आल्या. राणीने त्यांच्याकडे मान वर करूनही पाहिले नाही.

तेव्हापासून सरड्याची धाव कुंपणापर्यंत. राणी जगली तोवर उंबरठ्यावर बसून असे, आणि समोरच्या कुंपणावर तो सरडा असे. तो पुढच्या पायांवर अंग उचलतो, गळा लाल करतो, मान हलवतो आणि समोर बघत थांबतो. आजही बघतो. कोणी पडत नाही.