ओल्या भिंतीचे घर

फार पूर्वी वेत्रपूर नावाच्या नगरात भोगवर्मा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका मध्यस्थाच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. ज्यांना घर विकायचे असे ते त्याला बोलावीत. तो सकाळी त्या घरात जाई आणि ऊन उतरेपर्यंत नुसता बसून राही. कधी ओसरीवर, कधी विहिरीपाशी, कधी माजघराच्या अंधारात. ऊन कोणत्या खिडकीतून येते, वारा कुठे अडतो, शेजारचे बोलणे किती ऐकू येते, हे त्याला बसल्या बसल्या कळे. मग तो उठून एक भाव सांगे. त्या भावावर घासाघीस करावी असे कोणाला वाटत नसे. घर विकले की किमतीचा विसावा हिस्सा त्याला मिळे आणि त्यावर त्याचा संसार चाले.

त्याच नगरात, नदीकडच्या गल्लीत, रोहक नावाचा म्हातारा गंधी, म्हणजे अत्तरे करून विकणारा, राहत होता. त्याची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. एकुलती एक मुलगी पद्मा दूर समुद्रकाठच्या बंदरात दिली होती. त्या वर्षी तिचा नवरा बुडाला आणि तिने निरोप पाठवला, "आबा, मुले लहान आहेत. तुम्ही या." व्यापाऱ्यांचा तांडा कार्तिकी पौर्णिमेला निघणार होता. तो चुकला तर पुढच्या कार्तिकापर्यंत वाट पाहावी लागली असती.

रोहकाने घर विकायला काढले. घर चांगले होते, पण मागच्या खोलीची उत्तरेची भिंत बारा महिने ओली राही. तिच्या पायाखालून एक जुना झरा वाहत होता. भिंतीला कान लावला की त्याचा आवाज येई, जणू कोणी झोपेत पुटपुटते आहे. त्या खोलीत कपडे ठेवले तर त्यांना बुरशी धरे.

रोहक गंधी होता. त्याने भिंतीला चुना लावला, खोलीत वाळ्याचे पडदे सोडले, कोनाड्यांतून चंदन आणि केवड्याच्या कुप्या उघड्या ठेवल्या. गल्लीतून जाणारी माणसे त्या वासाने थबकत, स्वप्नात चालल्यासारखी आत येत आणि अर्धे डोळे मिटून या खोलीतून त्या खोलीत फिरत. काही जण तर कशाला आलो तेही विसरून तिथेच बसत. रोहक म्हणे, "बाराशे कार्षापण." मग ती जागी होत आणि निघून जात. एक घोड्यांचा व्यापारी तेवढा तयार झाला होता. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. तिने चुन्यावर तळहात ठेवला, हाताला लागलेल्या ओलीकडे पाहिले आणि ती बाहेर पडली. त्यानंतर गल्लीत बोलले जाऊ लागले की गंध्याच्या घरात काहीतरी लपवले आहे, आणि माणसे यायची थांबली.

पौर्णिमेला वीस दिवस उरले तेव्हा रोहकाने बोधिसत्त्वाला बोलावले.

बोधिसत्त्व दारातून आत आला आणि म्हणाला, "आर्य, फार सुंदर वास आहे. पण हा तुमचा वास झाला. घराचा कोणता?"

रोहकाने मागच्या खोलीकडे पाहिले.

"तीन दिवस सगळ्या कुप्या बंद ठेवा. पडदे काढा. चौथ्या दिवशी मी येतो."

चौथ्या दिवशी बोधिसत्त्व आला आणि सूर्य मावळतीला जाईपर्यंत घरात बसला. दुपारभर तो मागच्या खोलीत होता. तिथे हिरवट, गार उजेड होता. भिंतीतले पाणी बोलत होते आणि त्याला वाटले की आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी बसलो आहोत. संध्याकाळी बाहेर येऊन तो म्हणाला, "सहाशे."

रोहकाचा चेहरा उतरला. "सोमिला, माझी बायको या घरात तीस वर्षे वावरली. पद्मा त्या ओसरीवर चालायला शिकली. आणि तू सहाशे म्हणतोस?"

"त्या वर्षांचा भाव मला सांगता येत नाही, आर्य. तुम्ही बाराशे मागता त्यात निम्मी ती वर्षे आहेत. घेणाऱ्याला ती मिळणार नाहीत, मग तो त्यांचे पैसे का देईल? ती तुम्ही बरोबर न्या. उरलेल्या घराचे मी सहाशे सांगितले."

रोहकाने ओसरीकडे एकदा पाहून घेतले. मग म्हणाला, "बरे. पण भिंतीचे काय सांगायचे?"

"आधी भिंतच दाखवायची."

दुसऱ्या दिवसापासून जो येईल त्याला बोधिसत्त्व सरळ मागच्या खोलीत नेई आणि म्हणे, "ही भिंत कधी सुकत नाही. हे पाहून पटले तर बाकीचे घर दाखवतो." बहुतेक जण तिथूनच परत जात. धनमित्र नावाचा कापडाचा मोठा व्यापारीही आला होता. त्याने नाकाला उपरणे लावले आणि उंबरठ्यावरूनच मागे फिरला. रोहक दिवस मोजू लागला. बोधिसत्त्वाची बायकोसुद्धा एकदा म्हणाली, "अशाने घरे विकली जातात का हो?" तो म्हणाला, "बघू या."

पौर्णिमेच्या आधी सहा दिवस विशोका नावाची एक विणकरीण आली. तिच्याबरोबर तिचा आंधळा सासरा होता. बोधिसत्त्वाने भिंत दाखवली. विशोकाने हात लावला, मग सासऱ्याचा हात धरून भिंतीवर ठेवला. म्हाताऱ्याने ओलीवरून बोटे फिरवली.

"सूनबाई," तो हळूच म्हणाला, "इथे सूत तुटणार नाही."

विशोका बोधिसत्त्वाकडे वळली. "दादा, आम्ही मलमल विणतो. अगदी बारीक सूत. कोरड्या हवेत ते सारखे तुटते, म्हणून उन्हाळाभर माग बंद ठेवावा लागतो. अशी खोली आम्ही सात वर्षे शोधतो आहोत. हे तुम्हाला सांगू नये, भाव वाढवाल, असे वाटेत ठरवून आले होते. पण तुम्ही आधी भिंत दाखवलीत. आता लपवता येत नाही."

बोधिसत्त्व रोहकाकडे गेला आणि त्याला हे सगळे जसेच्या तसे सांगितले. रोहकाने विचारले, "सहाशेच ना?" बोधिसत्त्व म्हणाला, "तेवढेच सांगितले होते." रोहकाने होकार दिला आणि बोधिसत्त्वाने तो विशोकाला कळवला. विशोका चार दिवसांत पैसे आणते म्हणून गेली. विसार म्हणून आगाऊ पैसे काही घेतले नाहीत.

पण विणकरांच्या आळीत बातमी पसरली आणि धनमित्राच्या कानावर गेली. दुसऱ्याच दिवशी तो बोधिसत्त्वाच्या दारात आला. "त्या खोलीचे मला कोणी सांगितले नाही."

"तुम्हाला पहिल्यांदा तीच दाखवली होती."

धनमित्र हसला. "असो. मी तिथे माझे माग बसवीन. बाराशे देतो. गंध्याने मागितले होते तेवढेच. तुझा हिस्साही दुप्पट होईल. त्या बाईने विसार तरी दिला आहे का?"

"नाही."

"मग झाले तर."

बोधिसत्त्वाने ही गोष्ट रोहकापासून लपवली नाही. घर रोहकाचे होते. रोहक ओसरीवर बसून ऐकत होता. "बाराशे," तो म्हणाला. "सोमिला, पद्माची दोन मुले आहेत. तिच्याकडे काहीच उरलेले नाही. मी म्हातारा किती दिवस पुरणार?"

"खरे आहे, आर्य. तुम्ही म्हणाल ते धनमित्राला कळवतो. पण त्या बाईला नाही म्हणायला दुसरा माणूस पाहा. मी याच तोंडाने तिला हो म्हटले आहे."

"तुझाही तोटा होतो आहे."

"होतो आहे."

बोधिसत्त्व रागावला नव्हता आणि उपदेशही करत नव्हता. रोहकाला तेच जड गेले. दुसरा माणूस त्याला सुचेना. शेवटी तो स्वतःच काठी घेऊन विणकरांच्या आळीत गेला.

विशोकाच्या घरात सामान बांधून ठेवलेले होते. मागाची लाकडे सोडवून, दोरीने बांधून ओळीने उभी केली होती. एका बाजूला म्हातारा सासरा मांडीवर सुताचा गुंडा घेऊन बसला होता. त्याची बोटे हळूहळू सुतावरून चालली होती, पण चेहरा कुठेतरी दूर होता, पाण्याजवळ असल्यासारखा. विशोका आतून आली आणि रोहकाला पाहून तिने आसन टाकले. त्याचा चेहरा बघून तिला काय ते समजले. खाली बसून तिने मागाच्या एका लाकडावरची दोरी सोडायला घेतली.

रोहक बोलायला आला होता ते शब्द त्याच्या मनात तयार होते. तो खोलीभर नजर फिरवत राहिला. बाहेर ऊन होते, अंगणात धुतलेले सूत वाळत होते आणि वाऱ्याने हलत होते. मग त्याने कमरेची किल्ली काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"बाई, ती दोरी सोडू नका," तो म्हणाला. "उद्याच राहायला या. पैसे मी निघेन तेव्हा द्या."

विशोकाने पदराने डोळे पुसले. सासऱ्याने विचारले, "कोण आले आहे?" ती म्हणाली, "आपल्या घराचे मालक." रोहक म्हणाला, "होतो."

पौर्णिमेला तांडा निघाला. रोहक बैलगाडीत मागे तोंड करून बसला होता. बोधिसत्त्व नगराच्या वेशीपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेला. त्याला आपल्या हिश्श्याचे तीस कार्षापण मिळाले होते. रोहकाने त्याला विचारले, "मी चुकलो का रे?" बोधिसत्त्व म्हणाला, "मुलीकडे पोचल्यावर तिला सगळे सांगा. तिला काय वाटते ते पाहा." धूळ उडत होती आणि सकाळच्या उन्हात ती सोन्यासारखी दिसत होती. गाडी त्यात मिसळून गेली. पुढे तांड्याबरोबर पद्माचा निरोप आला. तिने एवढेच कळवले होते की आबा आले, मुलांना अत्तरे करायला शिकवतात आणि रात्री शांत झोपतात.

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून तथागत भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळची विशोका म्हणजे आज आजाऱ्यांची वस्त्रे धुणारी भिक्षुणी सुवत्ता. तिचा आंधळा सासरा म्हणजे वृद्ध स्थविर कोंडक. रोहक गंधी म्हणजे विहाराच्या दारात पाणी भरून ठेवणारा उपासक नीलक. धनमित्र आज याच सभेत बसला आहे. तो आता तसा राहिलेला नाही, म्हणून त्याचे नाव मी घेत नाही. आणि मध्यस्थ सोमिल तो मीच होतो. त्या जन्मी मी जी पारमिता, म्हणजे गुणाची पूर्णता, आचरली, ती सत्याची."

सभेत एका भिक्षूने मान खाली घातली होती. तथागतांनी त्याच्याकडे पाहिले नाही.