राजाच्या पायाशी सोडलेलं पाणी

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक शिपाई होता. सरळ, कष्टाळू, मुंगी दिसली तरी पाऊल चुकवून टाकणारा. पण राजाचा हुकूम आला की कोणाचंही घर पेटवताना तो मागेपुढे पाहत नसे. आणि घरी येऊन निवांत घोरत असे, हे विशेष.

त्याला कारण होती तिथली एक रीत. कठोर हुकूम मिळाला की शिपायाने ओंजळीत पाणी घ्यायचं, ते राजाच्या पायाशी सोडायचं आणि म्हणायचं, "हात माझा, पाप राजाचं." झालं, शिपाई मोकळा. केवढी ती सोय!

एकदा राजाला शिकारीची लहर आली. रान मोकळं हवं, म्हणून रानाकाठच्या वाड्या जाळायचा हुकूम सुटला. शिपायाने पाणी सोडलं आणि पलिता घेऊन निघाला. पहिल्या वाडीतले लोक रडले, पाया पडले. त्याला वाईट वाटलं, पण वाडी जळाली. दुसरीही जळाली.

तिसऱ्या वाडीत, पहिल्याच झोपडीच्या दारात एक म्हातारी बसली होती. आत तिची सून बाळंतपणात अडली होती. तिला हलवणं शक्यच नव्हतं.

"आजी, माझा नाइलाज आहे," शिपाई म्हणाला. "हुकूम राजाचा, पापही राजाचं. मी पाणी सोडून आलोय."

म्हातारी उठली नाही. तिने एवढंच विचारलं, "तू दिलंस रे बाबा. पण त्याने घेतलं का?"

शिपाई आठवू लागला. तो पाणी सोडायचा तेव्हा राजा विडा चघळत भलतीकडेच बघत असायचा. 'घेतलं' असं तो कधी म्हणालाच नव्हता. आतून सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं. शिपायाने पलिता मातीत खुपसून विझवला आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, हे पाप मी घेतलं, असं एकदा तुमच्या तोंडाने म्हणा."

राजा चपापला. पापाला तोही भीतच होता. ती आपली जुनी रीत आहे, शिपायांच्या मनाच्या समाधानासाठी, ती काय धरून बसायची, असं काहीबाही तो बोलला.

"मग ही वाडी मी जाळणार नाही," शिपाई म्हणाला. "आधीच्या दोन माझ्याच माथी आहेत, हे आज कळलं."

संतापलेल्या राजाने दुसऱ्या शिपायाला पुढे बोलावलं. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, पण सोडेना. तो राजाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तिसऱ्याचंही तेच. राजाला तो एक शब्द काही उच्चारवेना. शेवटी झक मारत हुकूम मागे घ्यावा लागला. वाडी वाचली, आणि म्हातारीला नात झाली.

शिपायाची नोकरी मात्र गेली. तो जळलेल्या पहिल्या वाडीत गेला आणि कुडाच्या भिंती उभारू लागला. कोणी त्याला बस म्हणालं नाही, कोणी पाणी विचारलं नाही. एक बाई तर त्याच्यासमोर थुंकून गेली. तो अंधार पडेपर्यंत काम करत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा हजर झाला.

तात्पर्य: हुकूम वरून येतो, पण करणी आपलीच असते, तिचा भार कोणाच्याही पायाशी टाकून मोकळं होता येत नाही.