कोंडाआत्याच्या दोराचं टोक

फार वर्षांपूर्वी, बोरझरीच्या ओढ्याला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं तेव्हा, तिथं कोंडाआत्या अंबाडीच्या वाखाचे दोर वळायची. तिचा एकुलता एक मुलगा अफूपायी गेला होता. त्याबद्दल ती बोलत नसे. दोराचं दुसरं टोक तोच धरायचा, एवढंच गावाला ठाऊक होतं.

वेशीजवळ एक अफूवाला झोपडी टाकून बसला होता. गावातली निम्मी तरणी पोरं त्याच्या दारात डुलायची. त्यांतलाच एक गेनू. बापानं, धोंडूतात्यानं, त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

एका सकाळी आत्या गेनूपुढं येऊन उभी राहिली. "ऊठ रे, टोक धर. मला मेलीला दोनच हात."

अफूविना गेनूचे हात लटलट कापू लागले. आत्या हसली. "काप खुशाल. पीळ चांगला बसतोय."

तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. अंगातलं हाडन् हाड अफू मागत होतं. "आत्या, मी जातो."

"जा की. पण टोक जमिनीवर टाकायचं नाही. कुणाच्या तरी हातात देऊन जा."

रस्त्यानं नेमका बापच चालला होता. गेनूनं चाचरत हाक मारली, "तात्या, जरा हे धरा."

"मला नाही दोर वळता येत."

"मला तरी कुठं येतो?"

तात्यानं टोक धरलं. गेनू मोकळा झाला. झोपडीच्या दिशेनं वीसेक पावलं गेला आणि त्यानं मागं वळून पाहिलं. बाप जीव लावून दोर उलटा फिरवत होता. तीन दिवसांचा पीळ भराभर सुटत होता.

"अहो तात्या, उलटं! उलटं फिरवताय!" गेनू ओरडत परत धावला.

पुढंही त्याचे पाय पुष्कळदा झोपडीकडं वळले. दर वेळी कुणी ना कुणी टोक धरलं, आणि दर वेळी ते उलटंच फिरवलं. चुकून की मुद्दाम, यावर गावात अजून वाद आहे.

मग बाकीची पोरं आली, त्यांचे आईबाप आले. दोर गावाला सात वेढे घालून उरला, असं म्हणतात. उरलेला पोरांनी अफूवाल्याच्या झोपडीला बांधला आणि ती ओढत थेट शिवेपार नेली. अफूवाला आत घोरत होता. जागा झाला तेव्हा भोवती नुसता माळ. त्याला वाटलं, गावच उठून कुठं तरी गेलं. ते शोधत तो अजून फिरतोय, असं म्हणतात.

आजही बोरझरीत कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी नशेच्या नादी लागली, की आत्याच्या अंगणात दोर वळायला घेतात. शेजारीपाजारी पाळीपाळीनं येतात. किती दिवस झाले, कधी सुटणार, असं कुणी विचारत नाही. जाता-येता एवढंच विचारतात, "टोक कुणाकडं आहे?"

आणि अंगणातून कुणी तरी ओरडतं, "माझ्याकडं!"