काळ्या डब्याचं घराणं

यंत्रं माणसांपेक्षा जास्त बोलायची त्या काळातली ही गोष्ट. इचलकरंजीच्या उल्हासरावांनी हौसेनं लाकूड कोरायचं सीएनसी मशीन बांधलं. त्याच्या मोटरींना किती फिरायचं ते सांगायला दोन सर्व्हो ड्राइव्ह होते. एक उघडा, ज्याच्या सर्किटचा आराखडा बनवणाऱ्यांनी जगाला फुकट वाटलेला. दुसरा काळा डबा, आत राळ ओतून बंद केलेला.

"आतडी चारचौघांत मांडून बसतोस, लाज नाही वाटत?" डबा म्हणायचा. "आमच्या घराण्याच्या पोटात काय आहे, कुणाच्या बापाला कळलेलं नाही."

"माझ्या सर्किटात एक चूक होती, दादा," उघडा म्हणायचा. "लोकांनी पाहिली म्हणून तर सुधारली."

"वर चुकाही गावभर सांगतोस."

एके दिवशी डब्याची मोटर झटके देऊ लागली आणि कोरीव गणपतीची सोंड तुटली. वैतागलेल्या उल्हासरावांनी छिन्नीनं राळ फोडली. आत उघड्याचंच सर्किट होतं, त्या जुन्या चुकीसकट.

उघड्यानं हळूच विचारलं, "दादा, सर्किट नेलंत ते ठीक. दुरुस्तीही फुकटच होती, ती का नाही नेलीत?"

फुटलेला डबा ताठ मानेनं म्हणाला, "आमच्या घराण्यात दुसऱ्याचं काही घेत नाहीत."