राईबाहेरचा तराजू

ही उघडी खडकाची सपाटी दिसते ना, तिला आम्ही तोलमाळ म्हणतो. चाळीस पावलांवर वाघजाईच्या राईची गर्द सावली आहे, आणि हिरड्याचा तराजू मात्र इथं, भर उन्हात, बांबूच्या तीन पायांच्या तिवड्याला टांगतात. दर चैत्रात कुणी ना कुणी पाहुणा विचारतोच, की शेट, एवढी सावली सोडून इथं का भाजत बसता? मी व्यापारी माणूस. फुकटची सावली सोडणं माझ्या रक्तात नाही. पण आमच्या घराण्याच्या सात पिढ्या हिरडा घ्यायला इथं आल्या आणि सातही पिढ्या उन्हातच बसल्या, तेही राईकडे पाठ करून. त्याचं कारण ऐकायचं तर आधी घोटभर पाणी प्या. पाणी त्याच राईच्या पायथ्याचं आहे, आणि गोष्टही त्याचीच आहे.

असं सांगतात, की फार पूर्वी या मुलखाचा एक सरदार शत्रूला चुकवत या राईत लपला होता. राईनं त्याला झाकलं. तो वाचला, गादीवर बसला आणि त्यानं राईच्या राखणीला पाच घरं नेमली. त्यांना राईकर म्हणत. दर साली सरदाराच्या वाड्यावरून त्यांना नाचणी आणि भात येई. अट एवढीच, की राईकरांनी राखणीशिवाय दुसरं काही करायचं नाही. शेत करायचं नाही, कोयता बाळगायचा नाही, आणि राईत गळून पडलेलं फळसुद्धा उचलायचं नाही. खाली सात वाड्या होत्या, त्यांची खाचरं आणि त्यांची तहान राईच्या पायथ्याच्या झऱ्यावर. त्यामुळे सगळेच खुशीत होते. राखण राईकरांची, धान्य सरदाराचं, पाणी सगळ्यांचं.

तीन पिढ्या असंच चाललं. मग सरदाराची गादी बुडाली आणि धान्य यायचं थांबलं.

आमच्या बाजारात एक बैल होता. धनी त्याला रोज दारात वैरण टाकायचा. धनी वारला. लोकांनी दया येऊन बैलाला कुरणात सोडलं, तर तो पोटाला लागणाऱ्या गवतात उभा राहून धन्याच्या दाराकडे बघत बसायचा. राईकरांचं तसंच झालं म्हणे. पहिल्या साली सात वाड्यांनी त्यांना आळीपाळीनं जेवू घातलं. दुसऱ्या साली वाड्यांची दारं लवकर लागू लागली. पाचांपैकी चार घरं घाट उतरून कामाला गेली. उरलं एक. त्यात धुरपा नावाची विधवा आणि तिचा म्हातारा सासरा भागूजी. म्हाताऱ्याचे पाय सुजले होते आणि धुरपा पाल्याचं पाणी उकळून त्याला पाजत होती. राईत तिच्या पायांखाली हिरड्यांचा सडा पडलेला असायचा. त्यावर पाय पडू नये म्हणून ती जपून चालायची.

अशा वेळी तिच्या दारात नागूशेट आला. हा नागूशेट म्हणजे आमचा मूळपुरुष. लपवून काय करायचं? घाटाखाली बंदरावर गलबतं बांधत होते आणि त्यांना सरळसोट खोडं हवी होती. नागूशेटानं बाहेरूनच अकरा ऐन हेरून ठेवले होते. अकरा झाडांना पाच सालांचं धान्य देतो, म्हणाला. धुरपानं नाही म्हटलं. त्यानं दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी वाड्यांचे जाणतेही त्याच्या बरोबर आले आणि दे म्हणाले. राई काय, पुन्हा वाढेल. त्या दिवशी भागूजीनं पाल्याचं पाणीही तोंडातून बाहेर काढलं होतं. धुरपानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, एक झाड देते. पण पहिला घाव शेटानं स्वतः घालायचा.

तिनं तसं का म्हटलं? माझी आजी म्हणायची, की तिला वाटलं, हा भिऊन परत जाईल. नागूशेट परत गेला नाही. भीती म्हणजे रिकाम्या पोटाचा वारा, असं म्हणून हसला, बरोबर आणलेल्या मजुराच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि भर दुपारी राईत शिरला. मजूर बाहेरच थांबले. तेव्हाच त्याला कळायला हवं होतं.

आत गेल्यावर, म्हणे, आधी उजेड गेला. मग आवाज गेला. वांदर हुप्प करायचे थांबले, रातकिडे थांबले. बाहेर चैत्राचं ऊन आणि आत अंगावर काटा येईल असा गारठा. नागूशेटानं पाऊल टाकलं की मागं कुठंतरी पाचोळ्यावर टप्प वाजायचं. तो थांबला, की तेही थांबायचं. हिरडा गळतोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण हिरडा काय माणूस चालायचा थांबला म्हणून गळायचा थांबतो? पाठीवर कुणाचा तरी श्वास लागतोय असं वाटत होतं आणि वळून बघायचा धीर होत नव्हता. तरी तो ऐनापाशी पोचला. सुसरीच्या पाठीसारखी साल असलेलं ते जुनं झाड. त्यानं डोळे मिटून घाव घातला.

ऐनाच्या पोटात उन्हाळ्यात पाणी साठतं, हे रानातल्या माणसाला ठाऊक असतं. नागूशेट बाजारातला. घावातून पाण्याची चूळ उडून त्याच्या तोंडावर आली. थंडगार. तो मागं पडला. पाणी थांबेना. मनगटाएवढी धार लागली, आणि त्याच घटकेला खाली झऱ्यावर बायांनी हाक मारली, की झरा आटला. पाणी गेलं नव्हतं हळूहळू. विहिरीत सोडलेल्या घागरीची दोरी कापावी तसं एकदम तुटलं होतं.

नागूशेटानं पागोटं सोडून घावात कोंबलं आणि वरून दोन्ही हात दाबून धरले. हात दाबले की धार थांबे. जरा ढिले केले की खालून बायांचा आक्रोश वर येई. त्यानं मजुरांना हाका मारल्या. कुणी आलं नाही. मग समोरच्या कातळावर त्याला वाघ दिसला. गुरगुरला नाही, उठला नाही. पाय दुमडून बसला होता आणि त्याच्या हातांकडे बघत होता. पळावं तर झाड रिकामं होतंय, थांबावं तर वाघ. असा तो माणूस दुपारपासून उन्हं कलेपर्यंत त्या झाडाला मिठी मारून उभा होता. धोतर भिजलं होतं. ते सगळं ऐनाच्या पाण्यानं नव्हे, असं माझा चुलता सांगायचा.

धुरपा आली ती एकटी आली. बाहेर सात वाड्यांची माणसं जमली होती, पण चाळीस पावलांच्या आत यायला कुणी तयार नव्हतं. वाघ तिला दिसला. ती झाडापुढं बसली आणि जे बोलली ते आमच्याकडे पाठ आहे. "आई, सरदाराचा हात होता तोवर हातातलं खाल्लं. हात गेला तसा तुझाच गळा धरला. आता तू देशील ते घेऊ. गळा सोडू."

आणि मग तिनं ते केलं, जे तीन पिढ्यांत एकाही राईकरानं केलं नव्हतं. खाली वाकून तिनं हिरडा उचलला. उचलताना तिला वाटलं, आता वाघ झेप घेणार. तरी ओटीभर हिरडा गोळा करून तिनं दगडावर कुटला. कापलं की हिरड्यानं रक्त थांबतं, हे तिनं आईकडून ऐकलं होतं. हात मात्र कधी लावला नव्हता. तो तुरट लगदा तिनं नागूशेटाच्या बोटांमधून घावात भरला, वर माती लिंपली आणि त्याला हात काढायला सांगितलं. त्याची बोटं उघडेनात. तिनं एकेक बोट सोडवलं.

घावातून पाणी आलं नाही. खालून ओरडा ऐकू आला, पण तो वेगळा होता. झरा सुरू झाला होता. कातळावर बघितलं तर कातळ रिकामा.

नागूशेटाचे दात वाजत होते. पण व्यापारी तो व्यापारी. बोटांना लागलेला लगदा त्यानं हुंगला आणि चाटून बघितला. मग त्यानं विचारलं, "बाई, हे असं किती पडतं इथं?" कातडं कमावणारे, रंगारी, वैद्य, सगळे त्याच्याकडे हिरडा मागायचे आणि तो चार दिवसांच्या वाटेवरून आणायचा. धुरपानं राईभर हात फिरवला. ज्याच्यावर पाय पडू नये म्हणून ती उपाशीपोटी जपत होती, ते तिच्या घराचं धान्य होतं.

मग तिनं रीत घातली. गळलेलाच हिरडा घ्यायचा. झाड हलवायचं नाही, काठी लावायची नाही. चौथा हिस्सा वांदरांना आणि रुजायला तिथंच ठेवायचा. येणाऱ्या धान्यातून आधी राखणदारांची चूल, मग झऱ्याची डागडुजी. घाट उतरून गेलेली चारही घरं दोन सालांत परत आली. भागूजी आणखी सहा सालं जगला आणि सुनेला रोज सांगत राहिला, की फळ उचललंस, वाईट होणार. पुढं नव्या सरदारानं पुण्य मिळवायला बारा बैलांवर धान्य लादून पाठवलं. बरोबर हुकूम, की राई यापुढं आमच्या नावानं राखावी. धुरपानं बैलांना पाणी पाजलं, गोण्या न उतरवता परत वळवले आणि वर एक पोतं हिरडा ठेवून दिला. धन्यांचं पोट साफ राहील, असा निरोप सांगितला म्हणे.

नागूशेट दर साली यायचा, पण त्याला आत यायची मनाई. त्यानं या माळावर बसायचं, पाठ राईकडे करून, म्हणजे नजरेनं खोडं मोजता येऊ नयेत. धुरपा मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवी आणि विचारी, "भ्यालास का, शेट?" तो भ्यालो म्हणे, तेव्हा ती तराजू टांगी. न भिणाऱ्या माणसाला माल द्यायचा नाही, कारण न भिणारा आज हिरडा नेईल आणि उद्या अकरा झाडं मागेल.

आजही ही रीत मोडलेली नाही. राईकरांच्या घरातली थोरली बाई विचारते आणि घेणारा उत्तर देतो. दोन सालांमागं शहरातून एक घेणारा आला होता. झाडं हलवून कोवळा हिरडा द्या, तिप्पट भाव देतो, म्हणाला. आताच्या थोरल्या पार्वताबाईंनी त्याला बसवलं, प्रश्न विचारला. तो हसला. वाघ तरी कुठं राहिलाय आता, म्हणाला. त्या साली सात वाड्यांत पोरांची लग्नं होती, घरांवर कौलं घालायची होती, तिप्पट भाव कुणाला नको होता? माळावर बराच वेळ कुणीच नको म्हणालं नाही. मग बाईंनी तराजू गुंडाळला.

त्याच्यानंतर माझी पाळी होती. मी पाठ फिरवून बसलो. तरुणपणी हे उत्तर मी रीत म्हणून द्यायचो, पण त्या दिवशी, खरं सांगतो, ती शांतता ऐकून मला घाम फुटला होता. खांद्यावर हात आला. बाईंनी विचारलं. भ्यालो, म्हणालो.

हात लगेच निघाला नाही. तो कापत होता.

"आम्हीबी," पार्वताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तराजू टांगायला घेतला.